वॉकरने मापून आणलेला स्टँड

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही स्टँड आहे. वापरून वापरून जुना झालो असतो तर सांगायलाही बरं वाटलं असतं. मी मात्र गोंदियाच्या एका फर्निचरच्या दुकानात नुसता उभा राहून राहून जुना झालो.

माझा जन्म त्याच दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाला. बकाराम मिस्त्रींनी मला सागवानाच्या फळ्यांतून घडवलं. कोणा साहेबांना घराच्या बोळकंडीत फुलझाडांच्या कुंड्या ठेवायला लांब आणि अरुंद असं काहीतरी हवं होतं. मिस्त्रींनी मन लावून काम केलं. रंधा मारला, पॉलिश केलं, कोपरे हाताला लागू नयेत म्हणून गोल घासले, आणि स्वतःच्या हौसेने दोन खण काढून दिले. तेवढ्यात साहेबांची बदली झाली आणि ते रायपूरला निघून गेले. माझी आठवण त्यांना काही झाली नाही.

दुकानाचे मालक मुन्नालालजी. त्यांनी माझ्यावर ‘टीव्ही स्टँड’ अशी चिठ्ठी चिकटवली आणि मला आत, कूलरच्या बाजूला सरकवून दिलं. तेव्हापासून मी टीव्ही स्टँड झालो. बारशाला कोणी आलं नाही, एवढंच.

माझं रूप तुम्हाला सांगायला हवं. लांबीला मी ऐसपैस आहे. उंचीला बुटका, जमिनीवर मांडी घालून बसलेल्या माणसाच्या खांद्याएवढा. आणि भिंतीपासून पुढे मी जेमतेम दीड वीत येतो. गिऱ्हाईक यायचं, मला बघायचं आणि विचारायचं, “ये बेंच है क्या, सेठ?” एक बाई तर चक्क माझ्यावर बसून नवऱ्याची वाट बघत होत्या. मुन्नालालजी दुपारचा डबा माझ्यावर उघडायचे. लोणच्याच्या तेलाचा एक डाग अजून माझ्या अंगावर आहे. दिवाळीला साऱ्या दुकानाची झाडझूड व्हायची तेव्हा माझ्यावरूनही फडकं फिरायचं. बाकी वर्षभर धूळ आणि मी.

माझ्या शेजारी एक भारी स्टँड होता. त्याला मी मनातल्या मनात बादशाह म्हणायचो. काचेची दारं, आत निळे दिवे, पुढे आलेलं पोट आणि त्या पोटात चार खण. दुकानात येणारा प्रत्येक जण त्याच्यापुढे थांबायचा. एके दिवशी जवळच्या कामठा गावचे योगराजभाऊ आले. भात गिरणीत मशीनवर काम करणारा, हसऱ्या तोंडाचा माणूस. त्यांनी नुकताच मोठ्ठा टीव्ही घेतला होता. मोबाईलमध्ये घरच्या भिंतीचा फोटो होता, टीव्हीचे इंच तोंडपाठ होते. बादशाह दिसला आणि भाऊंचे डोळे त्याच्या दिव्यांसारखेच चमकले.

“पाहुणा आला का पहिले हाच दिसला पाहिजे,” ते म्हणाले.

बादशाह छोट्या टेम्पोत चढून कामठ्याला गेला. मला हेवा वाटला का? वाटला, मित्रांनो. लाकडालाही जीव असतो.

पण आठवडा उलटायच्या आतच एका सकाळी, मुन्नालालजी अगरबत्ती फिरवत होते तेव्हा, एक बाई दुकानात शिरल्या. खांद्याला पिशवी, पायात साध्या चपला, आणि हातात म्हाताऱ्या माणसांचा तो ॲल्युमिनियमचा वॉकर, घडी करून धरलेला.

“अरे भाभीजी, पैर में क्या हो गया?” मुन्नालालजींनी विचारलं.

“मले काही नाही झालं जी. मी संध्या. तुमच्या इथून स्टँड नेला ना कामठ्याले, त्या योगराजच्या घरची. हा वॉकर माह्या सासूचा आहे.”

“तो सासूजी कहाँ हैं?”

“घरी, पलंगावर. वॉकर मी घेऊन आली ना! येताना शिव्या देऊन राहिली होती मले. म्हणे, ‘माहे पाय घेऊन चालली बजारात, आता मी का उडून जाऊ मोरीत?’ शेजारच्या धनवंताबाईले बसवून आली मी. म्हणून लवकर करा जी.”

मग त्यांनी झालेलं सगळं सांगितलं, आणि ते ऐकताना माझ्या खणांत गलबललं.

संध्याबाईंच्या सासू अनुसयाबाई रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत शेताच्या बांधावरून घसरल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आता हाड जुळलं होतं. राहिलं होतं ते चालणं. डॉक्टरांनी बजावलं होतं की, आता चालल्या नाहीत तर सांधा धरेल, मग कायमचा पलंग. संध्याबाईंनी बोलून, रुसून, भांडून त्यांना रोज थोडं थोडं चालवलं. आतल्या खोलीतून निघायचं, समोरच्या खोलीतून दारापर्यंत जायचं, दारात उभं राहून गावाकडे बघायचं आणि परत यायचं. एवढीच त्यांची दुनिया होती.

तेवढ्यात बादशाह आला. तो भिंतीला मापात बसला, टीव्हीलाही मापात बसला. पण त्याचं पोट पुढे आलं होतं आणि समोर होता दिवाण. मधली वाट उरली चिंचोळी. अनुसयाबाई वॉकर घेऊन निघाल्या आणि बरोबर मधोमध अडकल्या. पुढे जाता येईना, वळता येईना, मागे पाऊल टाकायची तर हिंमत होईना.

“टीव्हीवर गाणं चालू होतं जी,” संध्याबाई म्हणाल्या, “अन् माही सासू काचेच्या दाराले तोंड लावून उभी. मी मागून धरून कशीबशी पलंगावर नेली. त्या दिवसापासून म्हणते, मले आता पलंगच बरा. उठतच नाही.”

मुन्नालालजींनी अगरबत्ती देवापुढे खोचली. मग त्यांच्यातला दुकानदार जागा झाला. त्यांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं: बिका हुआ माल वापस नहीं होगा.

“वापस कोण मागून राहिलं? बदलून द्या. मी निवडतो.”

“टीव्ही कितने इंच का है वो बोलो, मैं निकाल के देता हूँ।”

“टीव्हीचे इंच तुमाले पाठ आहेत. माह्या सासूचे इंच कोण मोजन?”

आणि मित्रांनो, त्यानंतर त्या बाईंनी जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. पिशवीतून त्यांनी जुन्या लुगड्याची एक लांब पट्टी काढली. घरच्या भिंतीपासून दिवाणापर्यंतच्या अंतराएवढी त्यांनी ती मोजून फाडून आणली होती. दुकानाच्या भिंतीपासून पट्टी पसरली, जिथं ती संपली तिथं एक सोफा ओढून लावला. झाली कामठ्याची खोली तयार! मग त्या एकेक स्टँड भिंतीशी लावायला सांगायच्या आणि मधल्या वाटेतून स्वतः वॉकर घेऊन चालायच्या. सुनेसारखं नाही, सासूसारखं चालायच्या. कमरेतून वाकून, कोपरं बाहेर काढून, अर्धं अर्धं पाऊल टाकत. मधोमध जाऊन वळायच्या. वळताना वॉकरचा पाय स्टँडला लागला की मान हलवायच्या. “नाही जमत. दुसरा.”

दुकानात आलेली दोन माणसं हसायला लागली. एक म्हणाला, “काऊन बाई, नाटकात काम करता का?”

“हो जी. सासूचा पार्ट आहे. तुमी बकरीचा करता का?”

तो माणूस खुर्च्यांचे भाव विचारायला लागला.

मुन्नालालजी मात्र अजून कुरकुरतच होते. “अरे भाभी, इतना तो चल जाता है।” तेव्हा संध्याबाईंनी वॉकर त्यांच्यापुढे धरला. “तुमीच चालून पाहा एक बार.” मालक चांगले भरल्या अंगाचे. ते हसत हसत शिरले, दोन पावलं गेले आणि एका काचेच्या स्टँडपाशी रुतले. वळायला गेले तर वॉकरचा पाय सोफ्यात. मागे व्हायला गेले तर तोल जायला लागला. संध्याबाईंनी पटकन दंड धरला. मुन्नालालजींच्या तोंडावरचं हसू विरलं.

“इसमें तो आदमी पीछे भी नहीं आ सकता,” ते हळूच म्हणाले.

“तेच त सांगून राहिली मी.”

मग ते काही न बोलता आत आले, माझ्यावरचा डबा उचलला, आणि मला ओढून भिंतीशी लावलं. संध्याबाई चालल्या. गेल्या, मधोमध पूर्ण वळल्या, परत आल्या. पुन्हा एकदा गेल्या. या वेळी मधेच थांबून, दम लागल्यासारखं करून, माझ्या कोपऱ्यावर तळहात टेकवला आणि भार टाकून पाहिला. मी हललो नाही. बकाराम मिस्त्रींची पाचर आहे ती!

“हा,” त्या म्हणाल्या. “हाच पाहिजे.” मग माझी लांबी त्यांनी हातानं मोजली, टीव्हीचे दोन्ही पाय माझ्यावर मावतात आणि बाजूला जागा उरते हेही पाहिलं. सगळं मापात बसलं. इतकी वर्षं लोक मला टीव्हीच्या मानानं पाहत होते. माणसाच्या मानानं पाहणारं पहिल्यांदाच कोणी भेटलं.

मी कामठ्याला आलो, बादशाह परत गेला. योगराजभाऊ गिरणीतून आले आणि दारातच थबकले.

“हे का आणलं? येवढा मोठा टीव्ही, अन् खाली पाट ठेवला! लोकं का म्हणतीन?”

“लोकं टीव्हीकडे पाहतीन. तुमी पाटाकडे कायले पाहता?” संध्याबाईंनी चहा पुढे केला. “आन् खाली बसून पाहा बरं. मान दुखते का?”

भाऊ जमिनीवर बसले. आमच्या गावात दिवाण पाहुण्यांचा, घरची माणसं चटईवर. बादशाहावर टीव्ही होता तेव्हा ते मान वर करून पाहायचे, आता सरळ नजरेसमोर होता. त्यांची धुसफूस थांबली. रविवारी त्यांनी स्वतः ड्रिल मशीन आणून मला दोन ठिकाणी भिंतीला पक्कं केलं आणि टीव्हीलाही मागून पट्टा बांधला. बायकोनं सांगितलं होतं की, म्हातारी हात टेकणार आहे.

पण म्हातारी येईल तेव्हा ना! अनुसयाबाई पलंगावरून हलायला तयार नव्हत्या.

“आई, आता वाट मोकळी आहे. एक बार पाहा तरी.”

“पाहिली मी तुही वाट. मले मरू दे इथंच.”

“मरा, पण चालून मरा!” असं म्हणून संध्याबाई स्वयंपाकघरात गेल्या, आणि मी तिथून भांड्यांचा आवाज ऐकला, नेहमीपेक्षा जास्त. दिवस जात होते. वॉकर घडी घालून पलंगाशी उभा असायचा. मी इथं, तो तिथं. मला वाटायला लागलं, आपण पुन्हा नुसतंच उभं राहायला आलो की काय.

आणि मग ती दुपार आली. भाऊ चटईवर आडवे होऊन क्रिकेट पाहत होते. अंगणात अनुसयाबाईंनी पडायच्या आधी लावलेला सेमीचा, म्हणजे वालाचा वेल होता, शेंगांनी लगडलेला. धनवंताबाईंची बकरी सुटली आणि थेट त्या वेलावर गेली. आतल्या खिडकीतून ते फक्त एकाच माणसाला दिसलं.

“योगराज! बकरी! अरे बकरी खाऊन राहिली!”

टीव्हीचा आवाज मोठा. भाऊंनी ऐकलं नाही.

“संध्या! सारे बहिरे झाले का रे घरात?”

मग खट् असा आवाज आला. वॉकर उघडल्याचा. आतल्या दारात अनुसयाबाई दिसल्या, केस विस्कटलेले, पदर खोचलेला. भाऊ धडपडून उठायला लागले. पण संध्याबाई कणकेच्या हातांनीच मागून आल्या आणि त्यांचा खांदा दाबून धरला. “बसा,” त्या कानात म्हणाल्या. “पाय घ्या जवळ.”

अर्धं पाऊल. अर्धं पाऊल. त्या माझ्यापाशी आल्या, जिथं मागच्या वेळी अडकल्या होत्या नेमक्या तिथं. थांबल्या. माझ्या कोपऱ्यावर त्यांचा हात आला. रोवणी करून करून कडक झालेला, गरम हात. त्यांनी सगळा भार माझ्यावर टाकला. मी सागवान आहे, मित्रांनो, मला हलता येत नाही, आणि त्या क्षणी मला त्याचाच अभिमान वाटला. त्यांनी दम घेतला, वॉकर धरला आणि दारात पोचल्या.

“धनवंता! तुही बकरी बांध, नाही त मी तिची भाजी करतो!”

कुंपणापलीकडून धनवंताबाई ओरडल्या, “अवं बाई अनुसया, तू उठली?”

“मंग का झोपून तुह्या बकरीले जेवाले वाढू?”

संध्याबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. कणकेचा हात डोळ्यांना लावू नये हे त्या विसरल्या, आणि गालावर पीठ लागलं. भाऊंनी टीव्ही बंद केला.

आता अनुसयाबाई रोज दारापर्यंत जातात, कधी अंगणातही उतरतात. मला सांभाळणंही सोपं नाही बरं का. पावसाळ्यात भिंतीची ओल मला बाधू नये म्हणून संध्याबाईंनी भाऊंकडून मागे बोटभर फट ठेवून घेतली आहे. त्या कोरड्या फडक्यानं मला पुसतात आणि उधई, म्हणजे वाळवी लागली का ते खाली वाकून पाहतात. माझ्यावर रिमोट आहे, टीव्ही आहे, एका टोकाला प्लॅस्टिकची फुलंही आहेत. फक्त दाराकडचा कोपरा रिकामा असतो. तिथं कोणी चहाचा कप ठेवला तर अनुसयाबाई पलंगावरून ओरडतात, “उचल तो. ती माह्या हाताची जागा आहे.”

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरात नवी वस्तू येणार असेल तेव्हा भिंत मोजा, टीव्हीही मोजा. पण त्या वाटेनं घरातलं सगळ्यात हळू चालणारं माणूस कसं जातं तेही एकदा पाहा. आणि कोणाच्या घरी गेलात, तिथं एखाद्या जुन्या लाकडी वस्तूचा कोपरा उगाच रिकामा दिसला, तर त्यावर आपलं हेल्मेट ठेवू नका. तिथं कोणाचा तरी हात यायचा असतो.