पोट कुणाचं

सर्जननी भाऊजींना आणि मला कॉरिडॉरमध्येच गाठलं. "तुमच्या मिस्टरांच्या स्वादुपिंडाची गाठ मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलीय. पूर्ण निघणार नाही. पोट उघडलेलं असतानाच आतडी बाजूला सारून नेमके गाठीवर किरण देऊ. तेवढा वेळ आम्ही सगळे बाहेर थांबतो, आतलं पडद्यावर दिसतं. उद्या सकाळी पहिला नंबर त्यांचाच."

"दादाला काय सांगायचं?" भाऊजींनी विचारलं.

"ते तुम्ही बघा," सर्जन म्हणाले आणि गेले.

भाऊजींनी लगेच बघितलं. "वहिनी, पित्ताचे खडे आहेत म्हणायचं. कॅन्सर हा शब्द तोंडातून काढायचा नाही. हाय खाईल तो."

"आणि किरण?"

"भूल दिलेली असते. त्याला काय कळतंय?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सकाळी ज्या तोंडाने देवाचं नाव घ्यायचं, त्याच तोंडाने असलं खोटं? तेही ज्याचं पोट फाडणार त्याच्याशी?

"भाऊजी, तुम्ही साधा शर्ट घ्यायला गेलात तरी दुकानदार तुम्हालाच घालून बघायला सांगतो ना?"

"वहिनी, हे शर्टाचं काम नाही."

"तेच म्हणतेय मी."

आत वॉर्डात हे खाटेवर बसून नर्सशी हुज्जत घालत होते. कुलुपं दुरुस्त करणारा माणूस. औषधांच्या कपाटाची किल्ली अडकते म्हणून स्क्रू-ड्रायव्हर मागत होते. नर्स गेल्यावर मी यांचा हात धरला आणि ऐकलं तसं सगळं सांगितलं. भाऊजी दारात, मान खाली घालून.

यांनी माझा हात सोडला. मग म्हणाले, "अगं, गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय मी त्याची पेटीसुद्धा उघडत नाही. आणि इथे... बोलाव त्या डॉक्टरांना."

सर्जन आले ते भाऊजींवरच घसरले. "उद्याचं आपलं ठरलं होतं ना?"

"तुमचं ठरलं होतं," हे म्हणाले. "मी बरा होईन?"

सर्जन घुटमळले. "बहुतेक नाही. दुखणं कमी होऊ शकतं, गाठीची वाढ काही काळ रोखता येते. खात्री नाही देत."

"नाही केलं तर?"

"औषधं आहेत. पण त्यांचाही किती उपयोग होईल, सांगता येत नाही."

"मग उद्याचा नंबर दुसऱ्याला द्या. मला विचार करू दे."

"अहो, सगळी टीम बोलावलीय! भूल देणारे, मशीनवाले..."

"सगळ्यांना बोलावलंत. मलाच तेवढं विसरलात."

सर्जन तरातरा निघून गेले. भाऊजी कपाळाला हात लावून म्हणाले, "वहिनी, काय करून बसलात हे!"

माझा संताप इतका दाटला होता की तोंड उघडलं असतं तर वाईटसाईट बोलले असते. हे भिंतीकडे कूस करून आडवे झाले, पाय पोटाशी घेतले. थोड्या वेळाने आवाज आला, "किरणांनी दुखणं कमी झालं, तर मला दुकानात बसता येईल का, ते विचारायचंच राहिलं."

"विचारू की," मी म्हणाले आणि सर्जनच्या मागे निघाले. त्यांना परत यावंच लागणार होतं.