साठ लिटर समुद्र

टोपीशेठ हे त्याचं खरं नाव नव्हे. आयुष्यभर लोकांना टोप्या घातल्या, त्यातली एक फिरून त्याच्याच डोक्यावर बसली, एवढंच. धंदा लिफ्ट दुरुस्तीचा. दोन मजल्यांच्या मधे कुणी अडकलं की हा वरून ओरडायचा, "घाबरू नका हं, चारातली एकच दोरी तुटलीय!" आतला माणूस घामानं निथळत बाहेर यायचा आणि दोरी-बिरी काही तुटलेली नसायची. अशा माणसाचं बोलणं कोण खरं धरणार? त्याचीच तर पुढे पंचाईत झाली.

सुरुवात केली बायकोनं. दाताच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या तिनं काचेची एक छोटी टाकी पाहिली. समुद्राचं पाणी, आत जिवंत कोरल. दाढ काढून घरी आली ती तोंडात कापूस कोंबलेला, आणि हातवारे करून काहीतरी सांगतेय. कापूस निघाल्यावर पहिलं वाक्य हेच: "आपल्याकडे तशी टाकी हवी." वीस वर्षांत तिनं कधी काही मागितल्याचं टोपीशेठला आठवेना. तो हो म्हणून मोकळा झाला.

"पण टाकीवरचा दिवा बाबा निवडतील," ती म्हणाली. "तुझ्यावर सोडलं तर तू घराचा डिस्को करशील."

बाबा म्हणजे टोपीशेठचे सासरे. तो त्यांना मामा म्हणायचा. मामा चाळीस वर्षं एका पेंटच्या दुकानात रंग जुळवायचे. गिऱ्हाइकानं भिंतीचा पोपडा आणायचा, मामांनी तो खिडकीशी नेऊन दोनदा बघायचा, आणि पांढऱ्याच्या डब्यात काडीनं थेंब थेंब टाकत तोच रंग हुबेहूब उतरवून द्यायचा. भिंतीवर लावला की जोड सापडायचा नाही.

लग्नानंतर नवा जावई म्हणून टोपीशेठनं त्यांचीही फिरकी घेतली होती. एकाच डब्यातल्या पांढऱ्यानं चोवीस पुठ्ठे रंगवले, मागे मोत्यासारखा, सायीसारखा, ढगासारखा अशी नावं लिहिली आणि म्हणाला, "मामा, यातला कुठला लावू?" मामांनी पुठ्ठे टेबलावर मांडले, मिनिटभर बघितलं आणि म्हणाले, "जावईबापू, तेवीस एकाच डब्यातले आहेत. हा चोविसावा तुम्ही चहाच्या कपावर झाकण म्हणून ठेवला होता." खरंच ठेवला होता! त्या दिवसापासून टोपीशेठ त्या डोळ्यांपुढे गार. जगात कुणाला मानायचा तर या डोळ्यांना.

आणि आता त्याच डोळ्यांवर आलं होतं. गेल्या वर्षात तीन गिऱ्हाइकांनी डबे परत आणले. तिन्ही निळे. मामांचं म्हणणं, कंपनीचा निळाच भिकार येतोय हल्ली, कितीही ओता, चढतच नाही. मालक भला माणूस, पण त्यानंही सांगून टाकलं, एक तारखेपासून रंग मिसळायचं मशीन येणार. तुम्ही आता घरी आराम करा. मामा वरवर हसले. घरी येऊन मात्र जेवले नाहीत. मुलगी म्हणाली, बाबा, डोळे दाखवून या एकदा. तर त्यांनी पेपर उघडला आणि अगदी बारीक अक्षरातली जाहिरात चष्म्याशिवाय घडाघडा वाचली. "बोल! या वयात वाचून दाखवतं कोण?" विषय संपला.

तर असे हे सासरा-जावई रविवारी दुपारी टाकी आणायला निघाले. मामांनी नवा शर्ट घातला होता, स्वतः निवडून आणलेला. छान फिक्कट जांभळा. अडुसष्टाव्या वर्षी मामा रंगात आले म्हणून घरात सगळे खूश होते.

टाक्यांचं दुकान तळघरात होतं. जिना उतरला की खारट, ओला वास. मालकीणबाईंचे केस बारीक कापलेले, बाह्या कोपरापर्यंत वर, हात ओले.

"मासे बघायचेत?" बाई म्हणाल्या.

"कोरल ठेवायला काहीतरी छोटं दाखवा," टोपीशेठ म्हणाला. "सुटकेसएवढं. पाहुणे आले की कपाटात टाकता येईल असं."

बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मामा म्हणाले, "त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. माझ्याशी बोला."

बाई मग बोलायला लागल्या आणि टोपीशेठ गप्प ऐकत राहिला, जे क्वचितच घडतं. अगदी लहान टाकी घेऊ नका, म्हणाल्या. बादलीभर पाण्यात काही बिघडलं तर तासाभरात सगळं संपतं, जरा मोठ्यात सावरायला वेळ मिळतो. साठ लिटर घ्या. शुद्ध पाण्यात मोजून मीठ, समुद्रातला सच्छिद्र दगड, पाणी हलतं ठेवायला एक पंप. मग सहा आठवडे थांबायचं.

"सहा आठवडे काय करायचं?" टोपीशेठनं विचारलं.

"काही नाही. दगडात डोळ्यांना न दिसणारे जीव वाढू द्यायचे. घाण खाणारे. ते आधी, कोरल नंतर."

"आणि दिवा?" मामांनी विचारलं.

"दिवा सगळ्यात महत्त्वाचा. कोरल झाड नाही बरं का, प्राणी आहे. पण त्याच्या अंगात बारीक शेवाळ राहतं. ते उजेडावर जगतं आणि याला जेवू घालतं. तुम्ही दिवा निवडताय म्हणजे त्याचा स्वयंपाक निवडताय."

मामांनी काचेला नाक लावलं. मातकट, तपकिरी गाठोडी दगडावर बसली होती. जवळून बघितलं तर प्रत्येक गाठोड्यावर शेकडो तोंडं, तिळाएवढी, आणि प्रत्येकाभोवती बोटांची झालर. सगळी एकदम पाण्याबरोबर डुलत होती. इतक्या जणांनी मिळून एक शरीर केलंय आणि भांडण नाही! टोपीशेठला स्वतःच्या सोसायटीची मीटिंग आठवली.

"आता निळा दाखवते," म्हणत बाईंनी दुकानातल्या ट्यूब बंद केल्या आणि टाकीवरचं बटण फिरवलं.

पाणी असं निळं झालं की जणू ते काचेतून बाहेर सांडतंय, हातावर, भिंतीवर, बाईंच्या ओल्या कोपरांवर. आणि त्या निळ्यात मघाची मातकट गाठोडी हिरवी, केशरी पेटली होती. आतून. कुणीतरी एकेका तिळात एकेक वात लावावी तशी. टोपीशेठ आयुष्यभर दुसऱ्यांना आ वासायला लावत आला होता. आज त्याचाच वासला होता.

"वा," मामा म्हणाले. "अंधारात हिरवे निखारे. सुंदर. आता निळा लावा."

"लावलाय की," बाई म्हणाल्या.

मामांनी सावकाश वळून जावयाकडे बघितलं. "जावईबापू, बाईंनाही सामील करून घेतलंत?"

"मामा, शप्पथ! सगळं निळंच निळं झालंय."

"हो ना. आणि दोरी एकच तुटलीय."

बाईंना यातलं काही कळलं नाही. त्यांनी खिळ्याला टांगलेला एक पिवळा चष्मा काढून टोपीशेठच्या हातात दिला. "हा घालून बघा. निळं गाळून टाकतो. कोरलची चमक अजून उठते."

त्यानं घातला. निळं गेलं! पाणी काळं झालं, भिंत काळी झाली, आणि त्या काळ्यात फक्त निखारे राहिले, हिरवे आणि केशरी, इतके लख्ख की हात भाजेल. मघापेक्षाही देखणे.

"आईशप्पथ," तो पुटपुटला. "निळं गायब. नुसता अंधार, आणि त्यात हिरवे निखारे."

"मग मी मघापासून वेगळं काय सांगतोय?" मामा म्हणाले.

टोपीशेठनं चष्मा काढला. निळं. घातला. मामांचं जग. म्हणजे मामांच्या डोळ्यांत असा पिवळा चष्मा आधीच बसलाय, आतून, आणि तो काढता येत नाही. निळा रंग भिकार नव्हता. निळा त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता. आणि शर्ट! मामा शर्ट आणताना म्हणाले होते, साधा राखाडी घेतलाय, आणि त्याला ती थट्टा वाटली होती.

"मामा," तो म्हणाला, "तुमच्या डोळ्यांत काहीतरी झालंय."

मामा हसले. बाईंना म्हणाले, "बघा, कसा चेहरा करतो. असाच चेहरा करून यानं माझ्या बहिणीला सांगितलं होतं की तिच्या सोफ्याखाली कासव आहे."

आता काय करावं? आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलतोय, आणि समोरचा टाळी द्यायला हात पुढे करतोय.

तेवढ्यात त्याला बाईंच्या टेबलावरची छोटी बॅटरी दिसली. कोरल तपासायला त्या ती वापरायच्या, गडद जांभळ्या उजेडाची. त्यानं विचारून घेतली, टाकीवरचा दिवा बंद करायला लावला आणि पांढऱ्या पुठ्ठ्यावर उजेड टाकला. जांभळं टपोरं वर्तुळ पडलं.

"मामा, बॅटरी चालू आहे का?"

मामा वाकले. "सेल संपलेत. जरासं राखेसारखं काहीतरी दिसतंय."

त्यानं तीच बॅटरी कोरलवर धरली. कोरल पेटलं. हिरवंगार.

"हे दिसतंय?"

"दिसतंय."

"माझ्यावर विश्वास ठेवू नका. बाईंवरही नको. तुमचा हात मधे घाला."

मामांनी हात घातला. चाळीस वर्षांच्या रंगानं नखांच्या कडा भरलेला तो हात बॅटरी आणि काच यांच्या मधे आला, आणि कोरलवर पाच बोटांची सावली पडली. तेवढी जागा विझली. हात काढला, पेटली. पुन्हा घातला. बोटं पसरली. एक बोट मिटलं. कोरलवर तेवढंच बोट उजळलं.

मामा कितीतरी वेळ हात आत-बाहेर करत राहिले. त्यांना जो उजेड दिसतच नव्हता तो तिथे होता, भरपूर होता, आणि एक इवलासा बिनडोळ्यांचा प्राणी तो पकडून, हिरवा करून त्यांच्यापर्यंत पोचवत होता. हा प्राणी काही जावयाला सामील नव्हता.

"म्हणजे निळा चांगलाच येत होता," मामा शेवटी म्हणाले. "आणि मी कंपनीला शिव्या घातल्या."

"माझ्या आईचं असंच झालं होतं," बाई हलकेच म्हणाल्या. "मोतीबिंदू. डोळ्यातली काच पिवळी पडते, इतकी सावकाश की माणसाला पत्ता लागत नाही. जवळचं वाचता येतं, म्हणून कुणी जातही नाही."

"डोळ्याला कात्री लावायची?" मामा म्हणाले. "हेच तर माझं दुकान आहे, बाई."

"मग शटर उघडा की," टोपीशेठ म्हणाला. "अर्धं बंद ठेवून किती दिवस बसणार?"

मामांनी पुन्हा एकदा हात मधे घातला. काढला. "दिवा कुठला घ्यायचा ते आज नाही ठरवत," ते म्हणाले. "मला दिसेल तेव्हा ठरवीन."

टाकी, दगड, मीठ, पंप त्याच दिवशी घरी आलं. सहा आठवडे हॉलमधे नुसतं पाणी आणि दगड. येणाऱ्या-जाणाऱ्याला टोपीशेठ सांगायचा, "फार दुर्मिळ मासा आहे. पारदर्शक. तो बघा, वळला!" शेजारच्या काकूंना दोनदा दिसलासुद्धा. मधे एक तारीख येऊन गेली. मशीन आलं. मामा त्या दिवशी टाकीसमोर खुर्ची टाकून बसले आणि पाण्याकडे बघत राहिले. सहाव्या आठवड्यात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं.

दुसऱ्या दिवशी डोळ्यावरची पट्टी निघाली आणि मामा घरी आले ते पायऱ्यांवरूनच ओरडत, "हा कुणी घातला मला? हा बायकी जांभळा शर्ट कुणी घातला?"

"तुम्हीच आणलात, बाबा," मुलगी हसू दाबत म्हणाली.

"दीड महिना फिरतोय यात! आणि एकानंही सांगितलं नाही?"

दुकानवाल्या बाई दोन दिवे आणि मुठीएवढं एक कोरल घेऊन आधीच येऊन बसल्या होत्या. कोरल दगडावर ठेवलं. पडदे ओढले. मामा टाकीपुढे बसले आणि दिव्याचं बटण त्यांनी काडीनं थेंब टाकावा तसं, केसभर, केसभर फिरवायला घेतलं. पहिला दिवा बघितला, बाजूला केला. दुसरा लावला. पांढरा जरा उतरवला. निळा चढवला. अजून थोडा. आणि थांबले.

मामांच्या चेहऱ्यावर, पांढऱ्या मिशांवर निळं सांडलं होतं. त्यांनी तोंड उघडं ठेवलं होतं आणि ते मिटायचं विसरले होते.

"एवढा असतो?" ते म्हणाले. "निळा एवढा असतो? मी विसरलोच होतो गं."

मुलीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मग मामांनी उजवा डोळा झाकला आणि डाव्यानं बघितलं. मग डावा झाकला. उजवा. डावा. समुद्र, निखारे. समुद्र, निखारे.

"सोमवारी दुकानात जातो," ते म्हणाले. "मशीन असू दे. त्या तीन भिंतींचे रंग मी जुळवून देणार, आणि लावूनही देणार. पण दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन नको."

"बाबा!"

"निखारे जातील ना मग. ते कसे दिसणार?"

मुलगी डोक्याला हात लावून बसली. टोपीशेठ उठला, खिशात हात घातला आणि तो पिवळा चष्मा काढून मामांच्या पुढे धरला. बाईंकडून त्यानं तो पहिल्याच दिवशी मागून घेतला होता आणि सहा आठवडे कुणाला सांगितलं नव्हतं.

"दोन्ही डोळे करा," तो म्हणाला. "निखारे यात आहेत. हवे तेव्हा घाला, हवे तेव्हा काढा."

मामांनी चष्मा हातात घेतला. लगेच घातला मात्र नाही. आधी कडांवरून अंगठा फिरवला आणि अंगठा उजेडात धरून नीट बघितला. मागे एकदा जावयानं त्यांना दुर्बीण दिली होती आणि दिवसभर ते डोळ्यांभोवती काजळीची वर्तुळं घेऊन गावभर हिंडले होते.

"काजळी नाही?"

"नाही."

"दुसरं काही?"

"काही नाही, मामा."

मामांनी त्याच्याकडे रोखून बघितलं, नव्या डोळ्यानं.

"बरा आहेस ना रे?" ते म्हणाले, आणि चष्मा घालून पुन्हा टाकीकडे वळले.