पुनीच्या अंगावरचे डाग

ओसाकातल्या इकुनोच्या त्या गल्लीत घरोघरी सँडलचे तळवे चिकटवायचं काम चाले. मालसुन आणि तिची भावजय पुनी दिवसभर समोरासमोर बसून सोल्यूशन लावत. यंदा निशिगाकी ठेकेदाराने नवं आणलं होतं, बेंझिनचं. झटकन वाळणारं, वासाला गोडसर. धूळ बसली तर माल परत, असा त्याचा दम, म्हणून खिडकी बंदच.

पुनीचं आधी डोकं जड व्हायचं, मग दोन पायऱ्या चढली तरी धाप लागू लागली.

"वन्सं, जरा पडू का?"

"पड बाई. भावाने राणी आणलीय, आम्ही आहोतच दासी," मालसुन म्हणे आणि तिच्या वाटचे तळवेही पुढ्यात ओढी.

एकदा सार्वजनिक न्हाणीघरात मालसुनला पुनीच्या दंडांवर, मांड्यांवर काळेनिळे डाग दिसले. शेजारणींनाही दिसले.

"कुठे आपटलेसुद्धा नाही, वन्सं," पुनी म्हणाली.

मालसुनही नांदत होती तेव्हा नवऱ्याचा मार लपवायला लोकांना हेच सांगायची. घरी येऊन तिने भावाच्या, तोकसूच्या, पुढ्यातला भात उचलला.

"बापाचा हात आलाय तुला. आईचे हाल विसरलास?"

"ताई, मी बोट लावलं नाही तिला."

"मग डाग काय आभाळातून पडले?"

पुनी मधे बोलायला गेली, तर तिलाच गप्प बसवलं. मालसुनने भावाला कोबेच्या बंदरावर हमालीला धाडलं. गल्लीतल्या बायकांनी तिची वाहवा केली.

तोकसू गेला, डाग मात्र वाढत राहिले. पुनीच्या हिरड्यांतून रक्त थांबेना, तेव्हा कुठे मालसुनने तिला इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी आधी कामाचं विचारलं.

"रक्त हाडांच्या आत तयार होतं," ते म्हणाले. "बेंझिनची वाफ श्वासातून गेली आणि तिने रक्त बनवणारा हाडांतला मगजच मारून टाकला. असे डाग मारावाचूनही उठतात."

तोकसू पोचला तेव्हा पुनी कुणाला ओळखत नव्हती. तिसऱ्या दिवशी ती गेली.

मालसुन बेंझिनचं दारोदार सांगत फिरली. बायका आपापल्या बाह्या वर करून दंड बघत, आणि पुन्हा ब्रश उचलत. दुसरं काम होतं कुणाकडे?

तोकसू निघाला तेव्हा ती दारात आडवी आली. "मला चार शिव्या तरी दे रे."

"शिव्या कशाला? तू तिच्याच बाजूने उभी होतीस," तो म्हणाला. "पण मी घरी असतो, तर तिला त्या खोलीतून उठवलं असतं, ताई."

तिने बांधून दिलेला भात त्याने उंबऱ्यावर ठेवला आणि तो स्टेशनाकडे चालू लागला.