रोडपालीच्या सोनाबाईंचे बटन

मी एक जुने बटन आहे. जुने म्हणजे अडीच वर्षांचे; पण फोनमध्ये राहणाऱ्यांना एवढे वय पुष्कळ झाले. मित्रांनो, मला हात लावला तर बोटाला काचच लागते. मी त्या काचेवरचे नुसते चित्र आहे.

कामोठ्याच्या शबनमने मला घडवले. रोडपालीच्या सोनाबाई दारोदार फिरून मासे विकत. त्यांचे गुडघे गेले आणि त्या बाजारात बसू लागल्या, म्हणून शबनमने त्यांना ॲप करून दिले. मी चालू असले की घरोघरच्या ऑर्डरी येत, बंद असले की येत नसत. मासे घेणारी जुनी घरे टिकली तर सोनाबाईंचा धंदा टिकणार होता.

सोनाबाईंचा फोन एका जातीचा, गिऱ्हाइकांचे दुसऱ्या जातीचे. प्रत्येक फोन मला आपापल्या पद्धतीने काढी, पण दोन्हींत मी आडवेच असे.

सोनाबाई म्हणाल्या, "पोरी, आरवं बटन मी जल्मात पायलं नाय. भिंतीवर असतं तसं उभं कर."

शबनमने परदेशातला एक नमुना पाहून मला उभे केले, दोन्ही फोनांत अगदी एकसारखे. माझे सर्वांनी कौतुक केले. माझ्या शेजारी चालू-बंद लिहिले होते, पण सोनाबाईंना अक्षरे येत नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी एकही ऑर्डर येईना. बर्फ वितळे, मासे मऊ पडत. ते टाकून, पाटी रिकामी करून सोनाबाई घरी गेल्या की मात्र फोन वाजू लागे.

पाचव्या दिवशी जुने गिऱ्हाईक इक्बालभाई बाजारात येऊन उभे राहिले. "सोनाबाई, सकाळी बघावं तर तुझं बंद. संध्याकाळी चालू, तर म्हणतेस माल नाही. काल घरात पाहुणे होते!"

"सांजचं म्हावरा कुठनं आणू? पोटातनं काढू?"

"मग बस तशीच. आम्ही दुसरीकडून घेतो."

आणखी सहा घरे अशीच गेली. शबनमने लॅपटॉपवर मला शंभरदा वरखाली केले. चूक सापडेना. शेवटी ती रोडपालीला सोनाबाईंच्या घरी गेली. तिला घामाघूम झालेली पाहून सोनाबाईंनी भिंतीवरचे बटन खाली दाबले. पंखा फिरू लागला.

"मावशी, आता फोनमधलं चालू करून दाखवा."

त्याच बोटाने सोनाबाईंनी मला खाली ओढले. मी बंद झाले. परदेशातल्या त्या नमुन्यात वर म्हणजे चालू होते.

शबनमने कपाळाला हात लावला. "या अल्ला! मावशी, हे उलटं आहे."

"उलटं कसं? खाली म्हंजे चालू. अख्ख्या पनवेलला ठाव हाय. तू कुठं रातेस, विलायतेत?"

"कामोठ्यात," शबनम हळूच म्हणाली. "चूक माझी आहे, मावशी. तुमची नाही."

तिने तिथेच बसून मला उलटे फिरवले: खाली चालू, वर बंद. मग स्वतः घरोघर जाऊन चूक आपली होती असे सांगितले. पाच घरे परत आली. इक्बालभाईंचे आणि आणखी एक, अशी दोन आली नाहीत.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी माझ्यासारखे बटन घडवाल. ते ज्याच्यासाठी घडवाल, त्याच्या घरी आधी जा. त्याला दिवा लावायला सांगा आणि नुसते पाहत राहा. सोनाबाई अजून म्हणतात, ती दोन घरे आपल्याच हातून सुटली. चूक त्यांची नव्हती हे मला त्यांना सांगता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगितले.