मागची गाडी

सलग चार नाइट्स केलेल्या नर्सला रविवारी बर्फात फिरायला नेणारा नवरा वैऱ्यालाही मिळू नये. माझ्या मैत्रेयने फोर-व्हील ड्राइव्हचा क्लब लावलाय. "तू नुसती बसून राहा गं," म्हणाला. डोंबलाचं बसून राहा! पण हे मनातल्या मनात. तोंडाने मी "चल" म्हणाले.

न्यूझीलंडमधल्या ताइहापे गावाच्या पुढे डोंगरातली कच्ची वाट, वर बर्फ, खाली चिखल. सहा गाड्या, पुढे क्लबचा लीडर, प्रत्येक गाडीत बोलायचा रेडिओ. आमची पाचवी आणि सगळ्यात मागे तात्याराव. पामर्स्टन नॉर्थमध्ये तीस वर्षं फार्मसी चालवलेला माणूस, आता बहात्तरचा, एकटा, त्यात डायबेटिस. क्लबचा नियम एकच: प्रत्येकाने आपल्या मागची गाडी सांभाळायची. ती दिसेनाशी झाली की थांबायचं. मैत्रेयचं लक्ष चाकांवर, म्हणून मागे बघायचं काम माझ्याकडे.

"तात्याराव आहेत?" तो सारखा विचारत होता.

"आहेत."

कधीतरी माझे डोळे मिटले. प्रश्न कानावर पडला की तोंड आपोआप "आहेत" म्हणायचं. पेशंटकडे न बघता चार्टवर टिक करणाऱ्या पोरींना मी वॉर्डात फाडून खाते, आणि मीच हे केलं.

खिंड ओलांडून ट्रेकर्सच्या मुक्कामाच्या हटपाशी थांबलो, तर गाड्या पाचच. बर्फ जोरात पडायला लागला होता.

"तू 'आहेत' म्हणालीस ना?" मैत्रेयने विचारलं. रेडिओवर हाका मारल्या तर नुसती खरखर. डोंगर मध्ये आला होता.

लीडरची गाडी आणि आमची, दोन्ही उलट फिरल्या. अर्ध्या तासाने एका वळणावर तात्यारावांची गाडी दिसली, एक चाक चरात रुतलेलं. आत ते कुडकुडत बसलेले, ओठ निळे. मी त्यांना घोंगडीत गुंडाळलं, साखर तपासली, खूप खाली होती. ग्लुकोज पाजलं. थोड्या वेळाने त्यांची नजर ताळ्यावर आली, तशी मी ओरडलेच.

"रेडिओ होता ना हाताशी? चाक रुतल्याबरोबर का नाही बोललात?"

"अगं, तुझी मान कलंडलेली दिसत होती. म्हटलं, चार रात्री जागलीय पोर, दचकून उठेल. माझं मी काढतो. नाही निघालं, तेव्हा बटण दाबलं, तर तुम्ही खिंडीपलीकडे."

काय म्हणावं या भिडस्तपणाला! जीव जाईल, पण कुणाची झोप मोडायची नाही. मला त्यांचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा, आणि रडूच फुटलं.

लीडरने काच ठोठावून काय झालं विचारलं. तात्याराव घाईघाईने म्हणाले, "माझा रेडिओ बिघडला. कुणाची चूक नाही."

"रेडिओ चांगला आहे," मी म्हणाले. "मी झोपले होते. न बघता 'आहेत' म्हणत होते."

लीडर रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

"एवढी दमली होतीस तर आलीस कशाला?" त्याने विचारलं.

आणि मी तात्यारावांच्या भिडस्तपणाला नावं ठेवत होते! मैत्रेय शेजारीच उभा होता, टोपीवर बर्फ साचलेला.

"मैत्रेय," मी म्हणाले, "मला यायचं नव्हतं रे. मी फार दमलेय."