समोरच्या खोक्यातले चिरे

मित्रांनो, मी जत्रेतला एक जुना लाकडी पाळणा आहे. अंगावरचा लाल-पिवळा तेलरंग बघून फसू नका. रंग दोन वर्षांचा, लाकूड पंच्याहत्तर वर्षांचं. नाटे बंदराच्या अलीकडे एका लहानशा गावात बाबल्या सुताराने मला घडवलं. खांब ऐनाचे, बसायची चार खोकी फणसाची. मधल्या लाकडी कण्याला तो उंडीचं तेल पाजायचा. देवीच्या जत्रेत मी फिरायला लागलो की वरच्या खोक्यातली पोरं 'समुद्र दिसला, समुद्र दिसला' म्हणून किंचाळायची. माझा तोरा काय विचारता!

हाताने फिरवायच्या पाळण्याची एक खोड असते. एका खोक्यात कोणी बसलं की समोरच्या खोक्यात तेवढंच वजन लागतं. एकट्याला मी फिरवत नाही, अडून बसतो. ही खोड लक्षात ठेवा, कारण सगळी गोष्ट तिच्यापायीच घडली.

एका जत्रेत गावकरांचा, म्हणजे गावच्या प्रमुखांचा, मुलगा महिपत माझ्यात एकटाच बसला होता. समोरचं खोकं रिकामं. तेवढ्यात आठ वर्षांचा विठू धावत आला आणि टुणकन त्यात बसला. विठूच्या बापाने गावकीच्या सभेत गावकरांना तोंडावर खोटं पाडलं होतं, म्हणून ते घरच वाळीत टाकलेलं. त्यांना कोणी विस्तव देत नव्हतं की विहिरीवर येऊ देत नव्हतं. पण जत्रेत पोराला कसलं भान?

"उतर रे! हय तुझा काय काम?" महिपत ओरडला. "बाबल्या, ह्याच्या जागी चिरा ठेव."

बाबल्या माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. त्याने विठूला काखेत धरून खाली उतरवलं आणि त्याच्या जागी जांभ्याचा चिरा ठेवला. दगड चालला, पोर चाललं नाही. ढकलायला मात्र त्याच पोराला लावलं. विठू मला ढकलत होता आणि मान वर करून बघत होता. आणि मी? मला काय, वजन मिळालं होतं. मी मजेत फिरलो.

पुढे ते घर मुंबईला गेलं. विठूने तिकडे आकाशपाळण्यांची भली मोठी बाग उभारली, आणि पेपरवाले त्याला पाळण्यांचा राजा म्हणू लागले. मी इकडे बाबल्याचा नातू विनोद याच्या पडवीत पडून होतो. कोंबड्या माझ्यात अंडी घालायच्या. विनोदची मुलगी सानिका तेवढी रोज माझी घाण पुसून खोक्यात बसायची. "बाबा, फिरव ना," म्हणायची. पण कणा सुकून आवळलेला, मी कसला फिरतोय!

एकदा विठ्ठलशेठ कुठेशी बोलले की गावच्या लाकडी पाळण्याने त्यांना वेड लावलं. झालं! सगळ्या गावाला त्यांचा पुळका आला. ऐंशीला टेकलेला महिपत आता स्वतः गावकर. त्याने शेठना आवतण धाडलं, मला दुरुस्त करवलं आणि पाटी लावली, 'याच पाळण्यात बसून विठ्ठलशेठ लहानपणी समुद्र बघत.' निलाजरेपणाची कमाल बघा!

शेठच्या समोर बसायला वजन हवं. विनोदने लेकीला शब्द दिला, "पहिली फेरी तुझी, शेठच्या समोर." ती हलकी, म्हणून पायाशी एक चिरा ठेवला. नवा फ्रॉक घालून पोर सकाळपासून बसून राहिली. पाणी प्यायलाही उतरली नाही.

शेठ आले. महिपतने हार घातला. शेठनी पाटी वाचली, माझ्यात बसले आणि समोर बघितलं.

"कोणाची गो तू?"

"बाबल्या सुताराची पणती."

शेठ थोडा वेळ तिच्या पायाशी असलेल्या चिऱ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "उतर गो. हय तुझा काय काम?"

लोक हसले, त्यांना थट्टा वाटली. शेठ हसले नाहीत. "महिपतराव, हिच्या जागी आणखी एक चिरा ठेवा. तुम्हीच उचला."

म्हातारा चिरा पोटाशी धरून धापा टाकत आला. मदतीला जायची कोणाची छाती झाली नाही. खोटं कशाला बोलू, मला मनापासून बरं वाटलं. भोग मेल्या, म्हटलं.

पण सानिका उतरून तिथेच उभी होती. विनोद ढकलू लागला तसे तिनेही हात लावले आणि मान वर करून बघू लागली. शेठना ती दिसली. मला वाटलं, हा माणूस आता थांबवा म्हणेल. त्याच्याइतकं ते दुसऱ्या कोणाला कळणार होतं?

शेठ म्हणाले, "जोरात."

उतरल्यावर त्यांनी हुकूम सोडला, यापुढे यात कोणी बसायचं नाही, चिरे तसेच राहू देत. माझ्या कण्यात खिळे ठोकले, वर पत्रे घातले, भोवती दोरी बांधली. आता सहली येतात. शाळा सुटल्यावर सानिका इथे राखण करते. काल सहलीतली एक चिमुरडी दोरीखालून आली आणि माझ्या खोक्यात चढली. सानिकाने तिचा दंड धरून तिला खाली ओढलं.

"उतर गो! हय तुझा काय काम?"

अगदी तोच सूर.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं तुम्हाला शाळेत शिकवतात. माझ्यावर एवढी दया करा, मला जपू नका. मोडा आणि चुलीत घाला, ऐनाचं लाकूड चांगलं जळतं. पण त्याआधी, कोणात हिंमत असेल तर हे खिळे उपटा, चिरे खाली टाका आणि त्या सानिकाला एकदा बसवा. समोर कोणीतरी बसा म्हणजे झालं.