खेन थांबत नव्हता

आमच्या बँडचं नाव ‘उडती म्हैस’. आधी हसून घ्या, मग पुढे सांगते.

पी डोन, माझा सख्खा मोठा भाऊ, तीन तारांचा फिन वाजवतो. त्यानं त्याला वीज जोडलीय आणि पायाखाली अशा काही पेट्या ठेवल्यात, की एक तार छेडली तरी सूर पाण्याखालून आल्यासारखा वळवळत राहतो. लुंग सीथन, म्हणजे आमचे काका, बांबूच्या नळ्यांचा खेन फुंकतात. आणि मी, क्राडुम, अकरावीत शिकते आणि गाते.

पहिल्या अल्बममध्ये नुसती वाद्यं होती. दुसऱ्यात मी गाणार, हे मीच पी डोनला सांगून टाकलं. गेल्या वर्षीच्या मला हे जमलंच नसतं. पण या वर्षी शाळेच्या अख्ख्या मैदानासमोर गायले आणि तेव्हापासून माझी भीती जी पळाली, ती परत यायचं नाव घेत नाही.

म्हणजे, स्टुडिओत जाईपर्यंत नव्हती आली.

खोन केन शहरातला आमचा स्टुडिओ मोटरसायकल दुरुस्तीच्या दुकानावर आहे. तो चालवते पी ओर्न; वयानं मोठ्या ताई-दादांना आम्ही ‘पी’ म्हणतो. तिचा एकच नियम: आंबवलेली मासळी घातलेलं सोमतम, म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर, आत आणायचं नाही. आदल्या दिवशी लुंगनी काचेमागे एकट्यानं खेन वाजवला आणि भाताच्या लावणीला गावी परत गेले. आता मी हेडफोन लावून त्या रेकॉर्ड केलेल्या खेनवर गायचं होतं.

आमचं लाम, म्हणजे खेनच्या साथीचं गावाकडचं गाणं, लांबलचक हाकेनं सुरू होतं. “ओऽऽ ला नोऽऽ...” मी हाक दिली. ती संपायच्या आतच खेन पुढे निघून गेला.

“क्राडुम, कुठे फिरायला गेली होतीस?” काचेपलीकडून पी डोन. “खेन पुढच्या गल्लीत पोचला!”

“मग थांबव ना त्याला!”

“टुकटुक रिक्षा आहे का तो, हात दाखवला की थांबायला?”

पुन्हा गायले. पुन्हा मागे पडले. मग हाक छोटी केली, तर ती भाजीवालीनं ओरडावं तशी झाली. शेवटी पी डोननं कपाळ चोळलं. “हे बघ, रडू नकोस. पण आज नाही जमलं तर उदोन शहरातल्या गायिकेला बोलावतो. तिला स्टुडिओची सवय आहे.”

मी जिन्यात जाऊन बसले. रडले, हो. नाक पुसता पुसता मनातल्या मनात तेच गाणं गावच्या जत्रेतल्यासारखं गायले, तर तिथे सगळं नीट! का? कारण जत्रेत लुंग गाणाऱ्या बाईच्या खांद्यांकडे बघत बसतात. तिचा श्वास संपेपर्यंत एकच सूर धरून ठेवतात आणि मगच पुढे सरकतात.

मी धाडकन दार उघडलं. “मी चुकत नाहीये. तो खेन माझं ऐकत नाहीये!”

“सगळे बेताल लोक हेच म्हणतात,” पी डोन म्हणाला.

“लुंगना बोलव. आम्हाला एका खोलीत बसव.”

“एका खोलीत दोघांचे आवाज एकमेकांत मिसळतील,” पी ओर्ननं बजावलं. “नंतर दुरुस्ती नाही. तू चुकलीस की खेनही गेला.”

“आणि तुझ्या आवाजाला मी माझ्या पेट्यांमधून ज्या लाटा देणार आहे, त्या खेनवरही चढतील!” पी डोन.

“चढू देत की!”

दुपारी लुंग आले, पोटऱ्यांवर चिखल तसाच.

“लुंग, काल कुणाकडे बघून वाजवलंत?” मी विचारलं.

“कुणाकडे? भिंतीकडे. हा म्हणाला, कानात टिकटिक वाजेल, तिच्याबरोबर चला. मला वाटलं, शहरात असंच असतं.”

पी डोनचा चेहरा असा काही झाला, की फोटो काढायला हवा होता.

आम्ही गुडघ्याला गुडघा लावून बसलो. मी हाक दिली. लुंगची नजर माझ्या खांद्यांवर. मध्येच माझा आवाज चिरकला आणि पुढचे शब्दच आठवेनात! लुंग हलले नाहीत. श्वास आत घेताना तोच सूर, बाहेर सोडताना तोच सूर. जणू म्हणत होते, सावकाश ये, मला घाई नाही. मी चिरकलेल्या जागेवरूनच पुन्हा हाक उचलली, आधीपेक्षा वर नेली, आणि शब्द आपोआप आले.

संपल्यावर पी ओर्ननं ते लाटांसकट ऐकवलं. माझी चिरकलेली हाक खेनमध्ये शिरली होती, खेन माझ्या हाकेत. आमचं गावच कुणीतरी ढगांवरून चालवत नेल्यासारखं वाटत होतं.

“ही चूक काढायची का?” पी ओर्ननं विचारलं.

“हात लावू नकोस तिला,” पी डोन म्हणाला. मग घसा खाकरला, आपला जडशीळ स्पीकर ओढत आमच्या खोलीत आणला आणि मला ढोपरानं ढोसलं.

“सरक जरा. पुढच्या गाण्याला मीही इथेच बसतो.”

“टिकटिक नको?”

“गप गं. श्वास घे. तू सुरू केल्याशिवाय कुणीच वाजवणार नाहीये.”